बांधावरचं मीठ

छबूबाई दह्याच्या गाडग्यावर झाकण ठेवायची आणि झाकणाच्या कडेनं राखेची बारीक रेघ ओढायची. रेघ मोडलेली दिसली की आधी मांजराची, मग शेजारणीची आणि शेवटी नवऱ्याची चौकशी व्हायची. नवरा गरीब गाय होता, चोरून दही खाण्याचं धाडस त्याच्यात नव्हतं. पण चौकशी चुकायची नाही. अडतीस साली तो तापानं गेला, तेव्हा वैद्यानं दिलेली पुडी तिनं आधी हुंगली, मग जिभेला लावली आणि उरलेली वर्षभर फडक्यात बांधून ठेवली. वैद्यानं काहीतरी काळंबेरं केलं, हा तिचा संशय वैद्य मेल्यावरही गेला नाही. गावात तिला मागं ‘पोलीस पाटलीण’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गाव राहुरीपासून दोन कोसांवर, कालव्याखालचं. छबूबाईचं चार एकर काळं रान, आणि बांधाला लागून, जरा उताराला, धाकट्या दिराचं म्हणजे सूर्यभानचं चार एकर. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सूर्यभान सहा वर्षांचा होता आणि सासू अंथरुणाला खिळलेली. त्याला न्हाऊ घालायचं, त्याच्या पायातले काटे काढायचे, रुसला की भाकरी घेऊन मागं फिरायचं, हे सगळं बारा वर्षांच्या या वहिनीनंच केलं. तिला स्वतःला मूल झालं नाही. साऱ्या गावात राखेची रेघ न ओढता तिनं कुणापुढं गाडगं ठेवलं असेल, तर ते एकट्या सूर्यभानपुढं.

कालवा आला आणि गावात ज्वारी मागं पडून ऊस आला. पाटाचं पाणी पाळीनं मिळायचं. कुणाचं दार कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं, हे पाटकऱ्याच्या हातात. वरच्या रानवाल्यांना पाणी जास्त जातं आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं, असा छबूबाईला पहिल्यापासून संशय. त्यावर तिनं उपायही शोधला होता. गुऱ्हाळ लागलं की गुळाची एक ढेप पाटकऱ्याच्या घरी पोचायची, आणि मग तिचं दार बंद करायला तो हटकून विसरायचा. वरचे काही धुतल्या तांदळाचे नव्हते. कुणी त्याला तूप द्यायचं, कुणी कोंबडी. पाटकऱ्याची विसरभोळेपणाची कीर्ती पंचक्रोशीत होती.

पाणी असं वाहत होतं आणि विहिरी वर येत होत्या. सासऱ्याच्या काळात मोटेला तीस हात नाडा लागायचा. आता काठावर ओणवं होऊन कळशी बुडवता येई. लोक विहिरीला नारळ फोडत, हळदकुंकू वाहत. जगात फुकट काही मिळत नाही, हे उठता-बसता सांगणाऱ्या छबूबाईला एवढं पाणी फुकटात वर कसं आलं, हा संशय मात्र कधी शिवला नाही. जिथं यायला हवा होता तिथंच नेमका आला नाही, काय म्हणावं?

एकेचाळीसच्या उन्हाळ्यात तिच्या रानाच्या खालच्या कोपऱ्यात पांढरं दिसलं. आधी वाटलं, कुणीतरी राख सांडली. तिनं चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं. मीठ. जरा कडवट, पण मीठच. कोपऱ्यातला ऊस पिवळा पडून गुडघ्याएवढाच राहिला होता.

मीठ काही पायानं चालत येत नाही. म्हणजे कुणीतरी आणून टाकलं, इथपर्यंत यायला तिला क्षणही लागला नाही. मग कोण? कोपरा सूर्यभानच्या बांधाला लागून. ते नाव मनात आलं तसं तिनं झटकलं, आणि पुढच्या बाजाराला राहुरीत जाऊन चार दुकानदारांना खोदून खोदून विचारलं, की आमच्या गावातून मीठ कुणी जास्त नेलं. तीन दुकानदार हसले. चौथा म्हणाला, “तुमच्या दिरानंच नेलं की, बाई. दोन पायल्या. बैलांना आन् लोनच्याला.”

बैल आणि लोणचं हे शब्द तिच्या कानात शिरलेच नाहीत. घरी येईपर्यंत तिचं सगळं जुळलं होतं. रान मेलं की वहिनी हात टेकील आणि चार एकर आयतं आपल्याकडं येईल, असं त्यानं योजलं असणार. ते रान तिच्यामागं त्यालाच जाणार होतं, हे तिनं स्वतःच दहा वेळा बोलून दाखवलं होतं. पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते असल्या गोष्टी आठवू देत नाही.

त्या साली पाटकऱ्याला एकाच्या दोन ढेपा गेल्या. मीठ धुऊन काढायचं तर पाणीच हवं, असा तिचा सरळ विचार. तिनं कोपरा तुडुंब भरला, पुन्हा भरला. पाणी मुरलं, वर ऊन पडलं, आणि चतकोराएवढा डाग भाकरीएवढा झाला. म्हणजे तो अजून टाकतोच आहे, असं ती समजली.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळात गाव जमलं होतं. छबूबाई पुढं झाली आणि तिनं सगळ्यांसमोर सूर्यभानचं नाव घेतलं. सूर्यभान आधी हसला, वहिनी चेष्टा करतेय असं त्याला वाटलं. मग त्याचं तोंड उतरलं. गावातला वडीलधारा माणूस म्हणजे कारभारी पाटील. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वाद कशाला? उचल बेलभंडारा, सूर्यभान. खरं-खोटं द्येव बघून घील.”

बेल आणि भंडारा हातात घेऊन जो खोटी शपथ घेतो त्याचं वाटोळं होतं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. सूर्यभाननं हात पुढं केला. मध्येच तो हात अडला, एखादा श्वास घ्यावा इतकाच वेळ. कुणाच्या ध्यानात आलं नाही. छबूबाईच्या आलं.

“मी वैनीच्या रानात मीठ टाकलं न्हाई,” सूर्यभान म्हणाला. “टाकलं आसंल तर माझं रान उजाड हुईल.”

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात सूर्यभानचं रान पांढरं झालं. कोपरा नव्हे, निम्मं रान. सकाळी उन्हात ते असं चमकायचं की डोळे दिपावेत. खंडोबानं दाखवलं, असं गाव म्हणालं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. डोळ्यांना दिसतंय ते नाकारायचं कसं? पेरणीला त्याला कुणी बैल देईना. पाराशेजारी तो येऊन बसला की माणसांना कामं आठवायची. त्याची मुलगी विजयमाला मिरजगावला देऊ केली होती, साखरपुडा झाला होता. त्या लोकांनी नारळ परत पाठवला. चव्वेचाळीसच्या पाडव्यानंतर सूर्यभाननं दाराला कडी घातली आणि बायको रंगूला आणि मुलीला घेऊन तो काष्टीला सासुरवाडीच्या आसऱ्याला गेला. जाताना वहिनीच्या दारावरून गेला, पण थांबला नाही.

आपलं म्हणणं खरं ठरलं की बरं वाटेल, असं छबूबाईला वाटलं होतं. बरं वाटलं नाही. एकटीची भाकरी तव्यावर करपायची. ती त्याचा राग काढायची पाटकऱ्यावर, मांजरावर, देवावर.

आणि मग एक गोष्ट तिला टोचू लागली. सूर्यभान गाव सोडून वर्ष होऊन गेलं, तरी मीठ वाढतच होतं. त्याच्या ओसाड रानातही आणि तिच्याही. आता कोण टाकतं? तो लपूनछपून येत असणार, असं तिनं ठरवलं आणि चुलीतली टोपलीभर राख नेऊन सबंध बांधावर रेघ ओढली. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ ती रेघ पाहून येई. टिटवीची पावलं उमटली, मुंगसाची उमटली, माणसाचं एकही नाही. मीठ मात्र रेघेच्या दोन्ही अंगांनी फुलत होतं.

त्याच सुमाराला यशया गावात आला. सायकलवरून यायचा. नगरला मिशनच्या शाळेत शिकलेला, सडपातळ, शांत माणूस. त्याचं सरकारी काम एकच, गावोगावच्या विहिरींत फीत सोडून पाणी किती खोल आहे ते मोजायचं. विहिरीच्या काठावर तो लाल रंगानं आकडा घालायचा. लढाईचे दिवस होते. सरकारनं ज्वारी मोजली ती सक्तीच्या लेव्हीत नेली, मोजलेलं कुणाच्या घरात राहिलं नव्हतं. तेव्हा या पाहुण्याला गावानं पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. छबूबाईनं तर तिच्या विहिरीवरचा लाल आकडा शेणानं सारवून टाकला. पुढच्या महिन्यात त्यानं तो पुन्हा घातला. तिनं पुन्हा सारवला. असं सहा महिने चाललं, दोघंही कामाला पक्के.

सातव्या महिन्यात ती विहिरीवर त्याची वाटच पाहत उभी होती.

“ज्वारी मोजून नेली,” ती म्हणाली. “आता पानी मोजून नेनार व्हय?”

“नेलं असतं तर तुमचं भलं झालं असतं, मावशी,” यशया म्हणाला आणि फीत सोडू लागला. “एकतीस साली याच विहिरीत पाणी एकवीस फुटांवर होतं. माझ्या आधीच्या माणसानं लिहून ठेवलंय. आज अडीच फुटांवर आहे. रान पांढरं पडलंय ना तुमचं?”

छबूबाई सावध झाली. “कुनी सांगितलं तुला? सूर्यभाननं?”

“कोण सूर्यभान? मी चौदा गावांच्या विहिरी मोजतो. जिथं पाणी पाच फुटांच्या वर आलं, तिथं पांढरं पडलंच.” त्यानं फीत गुंडाळली. “तुमच्या न्हाणीच्या भिंतीला पांढरा लोणा लागत असेल. ते मीठ भिंतीवर कोण टाकतं?”

“कोन टाकतंय? खालची वल चढती वर.”

“तसंच आहे. मीठ मातीतलंच, मुळापासूनचं. पूर्वी पावसाचं पाणी यायचं, मुरायचं, हळूहळू नदीला लागायचं, जाताना थोडं मीठ घेऊन जायचं. आता आपण बारा महिने पाणी घालतो. ऊस पितो त्यातलं थोडंच, बाकीचं खाली. खालची जागा भरली. मग ते वर चढतं, उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. आणि जे वर येत नाही ते उताराला सरकतं, खालच्याच्या रानात.”

“म्हंजी मी धुतलं ते—” छबूबाई बोलता बोलता थांबली. मग तिला राग आला. “मग पाट काढलाच कशाला सरकारनं?”

“ते मला कुणी विचारलं नव्हतं, मावशी. मी नुसता मोजतो. चर खणून पाणी काढून द्या असं लिहूनही पाठवतो.” त्यानं सायकल फिरवली. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. खालच्या रानात बांधापासून वीस पावलांवर खड्डा घ्या, पाणी लागेल. त्यात काठी रोवा. मग तुमच्या दोन पाळ्या पाणी न घेता बघा.”

विश्वास ठेवू नका, असं आयुष्यात तिला पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं. हा माणूस खोटारडा आहे हे सिद्ध करायचं म्हणूनच तिनं दुसऱ्या दिवशी कुदळ घेतली. सूर्यभानच्या ओसाड रानात कमरेएवढंही खणावं लागलं नाही, मांडीएवढ्यावर पाणी झिरपलं. ऐन पौषात, पावसाचं नाव नसताना. तिनं बाभळीची काठी रोवली आणि पाण्याच्या रेषेवर विळ्यानं खाच पाडली. दोन पाळ्या तिनं दार उघडूच दिलं नाही. पाटकरी घाबरून घरी विचारायला आला, की बाई, माझं काही चुकलं का. महिन्याभरात खड्ड्यातलं पाणी खाचेच्या खाली वीतभर उतरलं.

योगायोग असेल. तिनं पुढच्या पाळीला पूर्वीसारखंच मनसोक्त पाणी भरलं. आठव्या दिवशी खड्ड्यातलं पाणी खाचेवर आलं. तिनं पुन्हा दोन पाळ्या सोडल्या, पुन्हा उतरलं. पुन्हा भरलं, पुन्हा चढलं. तिसऱ्या वेळी ती खड्ड्याच्या काठावरच बसली आणि उन्हं कलेपर्यंत उठली नाही. चोर सापडला होता. तिच्याच पायाला माती लागली होती.

राहुरीहून गाडीत बसून ती काष्टीला गेली. जनावरांचा बाजार भरला होता. सूर्यभान तिथं डोणीत पाणी ओतत होता, बाजाराला आलेल्या बैलांसाठी. दोन वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते. तिला पाहून त्यानं बादली खाली ठेवली आणि तोंडाकडं न बघता पायाशी वाकला. रीत म्हणून.

“विजू कशी हाय?” तिनं विचारलं.

“दिली. दुसरेपनावर. बरं हाय तिचं.”

दोघं एका गाड्याच्या सावलीला बसले. तिनं काय बोलायचं ते गाडीत सगळं जुळवून आणलं होतं, पण आधी सूर्यभानच बोलला.

“वैनी, आलाच हायसा तर सांगून टाकतो. मी शपथ खोटी घेतली हुती.”

छबूबाई त्याच्याकडं वळून बसली.

“त्या साली माझा पवळ्या बैल आजारी पडला. रंगूनं त्याची दिष्ट काडली, मीठ-मोहऱ्या उतरवल्या आन् तिठ्यावर टाका म्हनली. मी कट्टाळा केला. बांधापल्याड भिरकावल्या, तुमच्या कोपऱ्यात. मूठभर हुतं. देवळात हात फुडं केला तवा ते आठवलं. मुठीचं काय सांगायचं, म्हनून उचलला भंडारा. द्येवानं बघितलं. तुमचं रान ग्येलं, माझं ग्येलं, पोरीचं जुळलेलं मोडलं. समदं माझ्या एका मुठीपायी.”

पाच वर्षं हा माणूस एक मूठ मीठ छातीवर घेऊन हिंडत होता. छबूबाईला रडू आवरेना. नवरा गेला तेव्हाही ती चारचौघांत रडली नव्हती. आज बाजारात, अनोळखी माणसांसमोर, पदर तोंडात कोंबून ती रडली.

“येड्या,” ती म्हणाली, “मूठभर मिठानं आठ एकर मरत आसतं व्हय? पान्यानं मेलं ते.”

“कुनाच्या पान्यानं?”

पाटाच्या म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. सरकारच्या म्हणता आलं असतं, वरच्या दहा रानवाल्यांच्या म्हणता आलं असतं. तेही खरंच होतं.

“माझ्या,” छबूबाई म्हणाली.

तिनं खड्डा, काठी, खाच, सगळं सांगितलं. गुळाच्या ढेपाही सांगितल्या. सूर्यभान ऐकत होता आणि हातातल्या काडीचे तुकडे करत होता. काडी संपली तेव्हा म्हणाला, “हितं सांगून काय उपेग, वैनी? माझा हात जितं वर झाला, तितं सांगा.”

सांगितलं की गाव काय म्हणेल हे तिला पुरतं ठाऊक होतं. ज्या गावावर तिनं जन्मभर नजर ठेवली, ते आता तिच्यावर ठेवणार. ती म्हणाली, “चल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर माणसं जमली. छबूबाईनं कुणी न सांगता बेलभंडारा हातात घेतला आणि म्हणाली, “सूर्यभाननं माझं रान मारलं न्हाई. माझ्या पान्यानं माझं मेलं, आन् माझंच झिरपून त्येचं मेलं. मी लबाडीनं पानी घ्येत हुते. ज्येला खोटं वाटंल त्येनं खड्डा बघून यावा.”

मूठभर मिठाचं ती बोलली नाही. सूर्यभान पुढं होऊन स्वतःच ते बोलला. लोक एकमेकांकडं पाहू लागले.

“पान्यानं कुटं रान मरतं?” कारभारी पाटील म्हणाला, पण त्याचा आवाज पूर्वीसारखा नव्हता. त्याचं रान छबूबाईच्या वरच्या अंगाला होतं.

“दिरानं काय द्यायचं कबूल केलं गं तुला?” मागून कुणीतरी विचारलं. हा प्रश्न तिनंच विचारला असता. म्हणून तिला राग आला नाही.

कुणी खड्ड्याकडं गेलं नाही. पण प्रत्येकाची नजर आपल्या वरच्या शेजाऱ्यावरून फिरत गेली, आणि ज्याच्यावर नजर पडली त्यानं आणखी वरच्याकडं पाहिलं. कारभारी पाटलाच्या वरचा होता गहिनीनाथ. तो पायांकडं पाहत राहिला. तेवढ्यात पाटाला पाणी सुटल्याची आरोळी ऐकू आली. पाळीचा दिवस होता. एकेक जण धोतर झटकत उठला. चुकवून कुणाला परवडणार होतं? घटकाभरात देवळापुढं दोघंच उरली. छबूबाई पायरीवर टेकली.

“जावा, वैनी,” सूर्यभान म्हणाला. “तुमची बी पाळी आसंल.”

“माझं दार मी सकाळीच मातीनं बुजवलं. औंदा ज्वारी घीन, पावसावर यील तेवढी.”

“तुमी एकटीनं सोडून काय व्हनार? वरचे तर देत्यात की.”

“देत्यात.”

“मग त्येंचं यीलच.”

“यील,” छबूबाई म्हणाली. “पर माझं तुझ्याकडं येनार न्हाई.”

सूर्यभाननं मुंडासं सोडलं आणि तो पायरीवर तिच्या शेजारी बसला.